डाळपुरी, सुरूचं बन आणि डबल कट

मॉरिशसला जाऊन आलो. पूर्ण आठ दिवस, लॅपटॉप न नेता. (हो, खरंच!) समुद्र निळा आहे, वाळू पांढरी आहे, हे सगळं तुम्ही फोटोंत बघितलंच असेल, त्यामुळे त्यात वेळ घालवत नाही. मला बोलायचंय ते खाण्याबद्दल आणि सुट्टीबद्दल.

तिथे बीचवर गाडीवर जो पदार्थ सगळ्यात जास्त खपतो त्याचं नाव 'ढोल पुरी'. म्हणजे आपली डाळपुरी हो! पुरणपोळीतून गूळ काढा, पुरणात हळद-जिरं घाला, पोळी अगदी मऊ ठेवा, की झाली. वर घेवड्याची रस्साभाजी, टोमॅटोची 'रुगाय', लोणचं (त्याला 'अशार' म्हणतात, आलं ना लक्षात?) आणि मिरचीचा ठेचा. मिळते जोडीनेच, कागदात गुंडाळून. सोबत 'गातो पिमां', म्हणजे शब्दशः मिरचीचा केक आणि प्रत्यक्षात डाळवडा. वरून 'आलुदा', हा आपला फालुदा. माशाचे तुकडे तळून मोहरी, हळद आणि व्हिनेगरात मुरवलेलं 'विंदाय' मात्र चुकवू नका, गोव्याच्या विंदालूचा लांबचा भाऊ शोभतो.

आता ही डाळ तिथे पोचली कशी? १ फेब्रुवारी १८३५ ला मॉरिशसमधली गुलामगिरी कायद्याने संपली. उसाच्या मळेवाल्यांना मजूर हवे होते, आणि त्यांनी त्याची तजवीज आधीच सुरू केली होती. २ नोव्हेंबर १८३४ ला 'अ‍ॅटलस' जहाजातून कलकत्त्याहून ३६ मजूर उतरले. पुढे १९२० च्या आसपासपर्यंत साडेचार लाखांच्या वर माणसं आली. बहुतेक भोजपुरी बोलणारी, बरीच तमिळ आणि तेलुगू, आणि मुंबई बंदरातून गेलेले आपले कोकणातले, मुख्यतः रत्नागिरीकडचे लोक. पोर्ट लुईला १८४९ मध्ये बांधलेल्या धक्क्यावरच्या पायऱ्या अजून आहेत. आप्रवासी घाट. २००६ पासून तो युनेस्कोच्या यादीत आहे. बीचवरून एक सकाळ चोरून तिथे जाच.

करार पाच वर्षांचा. (आयटीवाल्यांनो, 'बॉण्ड' हा शब्द आठवला ना? थांबा जरा.) महिना ५ रुपये पगार आणि शिधा: तांदूळ, डाळ, तेल, मीठ. आज आपण मिटक्या मारत जे खातो त्याचं मूळ या शिध्यात आहे. आणि एक दिवस कामावर गेला नाहीत तर दोन दिवसांचा पगार कापायचा. याला 'डबल कट' म्हणत. आपल्याकडे एका दिवसाचा लॉस ऑफ पे झाला तर एचआरला तीन मेल जातात!

करार संपला तरी सुटका नव्हती. १८६७ च्या कायद्याने जुन्या मजुरांना फोटो लावलेलं तिकीट जवळ बाळगावं लागे. ते नसताना बाहेर सापडलात तर 'भटक्या' म्हणून अटक. म्हणजे समुद्रावर जाऊन नुसतं बसणं हाच गुन्हा ठरू शकला असता. १८७१ मध्ये अडोल्फ द प्लेविट्झ नावाच्या एका मळेवाल्याने या लोकांची बाजू घेऊन अर्ज लिहिला, त्यावर ९,४०१ सह्या-अंगठे होते. त्यातून रॉयल कमिशन नेमलं गेलं. मळेवाले प्लेविट्झवर प्रचंड भडकले, हे सांगायला नकोच.

गंमत म्हणजे तेव्हा किनारा कुणाला फारसा नकोच होता. १८६६-६८ च्या मलेरियाच्या साथीत हजारो माणसं गेली आणि पैसेवाले पोर्ट लुई सोडून वर पठारावर, क्युरपीपकडे सरकले. शिवाय भरतीच्या रेषेपासून निदान ८१.२१ मीटरचा पट्टा सरकारी. फ्रेंचांच्या काळात तो संरक्षणासाठी राखला होता, पुढे इंग्रजांनी १८९५ मध्ये त्याचा कायदा केला. तोच पट्टा आज हॉटेलं भाडेपट्ट्याने घेतात. म्हणजे तुमच्या रिसॉर्टच्या 'प्रायव्हेट' वाटणाऱ्या बागेचा मालक बहुतेक वेळा सरकार असतं.

या पट्ट्यात झाडं कुठली, तर सुरू! तिथे त्याला 'फिलाव' म्हणतात. मूळचं ना कोकणातलं, ना मॉरिशसचं. पण फ्लिक आँ फ्लाकच्या सुरूच्या बनात शिरल्यावर क्षणभर आपण हर्णै-केळशीला आहोत असंच वाटतं.

माझं ऐकाल तर रविवारी हॉटेलचा बुफे सोडा आणि कुठल्याही पब्लिक बीचवर जा. अख्खी खानदानं आलेली असतात. चटया, बिर्याणीचं भलंमोठं पातेलं, कुणीतरी ढोलकीसारखं काहीतरी बडवतंय, आज्या सावलीत पाय पसरून बसल्यात. कुणालाही कसली घाई नाही. त्यांच्या पणजोबांना हाच दिवस दोन दिवसांच्या पगाराला पडला असता. आम्ही मराठी बोलतोय हे ऐकून शेजारच्या चटईवरचे एक काका वळले, क्रिओलमध्ये काहीतरी बोलले, मग 'गणपती!' म्हणून हसले (गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते), आणि बिर्याणीची एक ताटली आमच्याकडे सरकवली. बटाटा अप्रतिम होता.