ब्रह्मपुरीचा पोसायडन: कोल्हापुरात सापडलेला समुद्रदेव

ब्रह्मपुरीचा पोसायडन ही कोल्हापुरात सापडलेली, वीतभरही उंच नसलेली रोमन कांस्यमूर्ती आहे. पोसायडन हा ग्रीकांचा समुद्रदेव. रोमन लोक त्याला नेपच्यून म्हणत. त्रिशूळ हे त्याचे आयुध असले तरी शिवाशी त्याचा संबंध नाही. कोल्हापूरच्या मूर्तीच्या हातातले आयुध आज उरलेले नाही.

कुठे सापडली?

पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४०च्या दशकात कांस्यवस्तूंचा साठा मिळाला. १९४५-४६ मध्ये डेक्कन कॉलेजच्या वतीने ह. धी. सांकळिया आणि मो. गं. दीक्षित यांनी तेथे उत्खनन केले. सातवाहनकालीन वस्तीचे अवशेष त्यात उजेडात आले. साठ्यात रोमन बनावटीच्या वस्तूंसोबत हत्तीवर स्वार बसलेले इथल्या घडणीचे कांस्यशिल्पही होते. पोसायडनची मूर्ती कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयाच्या संग्रहात आहे.

अशा मूर्ती कशा घडवत?

आधी मेणाची मूर्ती करून तिच्यावर मातीचा लेप देत. भट्टीत मेण वितळून गेले की त्या पोकळीत कांस्याचा रस ओतत. भूमध्य सागराच्या परिसरात अनेक कांस्यमूर्तींचे डोळे चांदीचे बसवत. इजिप्तचे कारागीर देवांच्या मूर्तींवर खाचा कोरून त्यांत सोन्या-चांदीची तार किंवा पत्रा ठोकून बसवत. बिदरी भांड्यांवरचे चांदीचे काम पाहिलेल्यांना ही कल्पना लगेच येईल.

इथवर कशी आली?

रोमन जगातला माल अलेक्झांड्रियाला उतरे, नाईल नदीतून वर जाई आणि उंटांवरून तांबड्या समुद्रावरील बेरेनिके, मायोस होर्मोस या बंदरांत पोहोचे. तिथून जुलैच्या सुमारास जहाजे मोसमी वाऱ्यांवर भारताकडे निघत. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात भडोच आणि कल्याण या बंदरांची, तसेच पैठण आणि तेर या बाजारपेठांची नोंद आहे. कोकणच्या किनाऱ्यावरून घाट चढून माल देशावर येई.

मग कोल्हापुरात रोमन राहत होते का?

एका मूर्तीवरून तसे म्हणता येत नाही. इटलीतील पॉम्पेई शहर इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. तिथे १९३८ मध्ये हस्तिदंती भारतीय स्त्रीमूर्ती सापडली. तिच्याशी मिळत्याजुळत्या मूर्ती मराठवाड्यात तेर आणि भोकरदन येथे मिळाल्या आहेत. म्हणून कोणी पॉम्पेईला मराठवाड्याची वसाहत म्हणत नाही. बेरेनिके येथेही २०२२ मध्ये बुद्धमूर्ती सापडली.

माणूस न जाताही वस्तू हातोहात दूरवर पोहोचते. दोन हजार वर्षांपूर्वी कोल्हापूर समुद्रापलीकडच्या बाजाराशी जोडलेले होते, एवढे मात्र हा छोटा देव ठामपणे सांगतो.