हस्तिदंती बिजागरीपासून ब्रीच कँडीपर्यंत : गुडघाबदलाचा इतिहास

१/ आषाढीसाठी आळंदीहून सोलापूर जिल्ह्यातील पंढरपुरापर्यंतची पायवाट दोनशे किलोमीटरांहून अधिक आहे. गुडघे झिजले की अनेकांची वारी चुकते. झिजलेल्या सांध्याच्या जागी कृत्रिम सांधा बसवण्याची कल्पना मात्र सव्वाशे वर्षांहून जुनी आहे.

२/ १८९० मध्ये बर्लिनचे शल्यविशारद थेमिस्टोक्लेस ग्लुक यांनी क्षयाने पोखरलेल्या गुडघ्यात हस्तिदंताची बिजागरी बसवली. आरंभीचे यश टिकले नाही. मूळचा जंतुसंसर्ग उरलाच होता. पहिला धडा मिळाला : संसर्ग असलेल्या जागी सांधा तग धरत नाही.

३/ विसाव्या शतकाच्या मध्यास धातूच्या बिजागऱ्या आल्या. पण नैसर्गिक गुडघा केवळ वाकत नाही. वाकताना तो घसरतो आणि किंचित वळतोही. बिजागरीला ते जमत नसे. सारा ताण हाडावर येई आणि सांधा सैल होई. हा दुसरा धडा.

४/ १९६८ च्या सुमारास इंग्लंडमध्ये फ्रँक गन्स्टन यांनी बिजागरी टाळून धातू व प्लॅस्टिकचे पृष्ठभाग सिमेंटने हाडावर बसवले. १९७४ मध्ये न्यूयॉर्कला इन्सॉल, वॉकर आणि इंदूरला वैद्यकीय शिक्षण घेतलेले चित्तरंजन राणावत यांचा ‘टोटल काँडिलर’ सांधा आला. आजचे बहुतेक सांधे त्याच घराण्यातले.

५/ याच डॉ. राणावतांनी मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांचा डावा गुडघा ऑक्टोबर २००० मध्ये व उजवा जून २००१ मध्ये बदलला. शस्त्रक्रियेची वार्ता देशभर पोहोचली. किंमत मात्र अनेकांच्या आवाक्याबाहेरच होती.

६/ १६ ऑगस्ट २०१७ रोजी केंद्राने किमतींवर मर्यादा घातली. सर्वाधिक वापरातल्या कोबाल्ट-क्रोमियम सांध्याची सरासरी किंमत १,५८,३२४ रुपये होती. कमाल मर्यादा ५४,७२० रुपये (कर वेगळा) ठरली. यंत्रमाग आणि विडीवर पोट असलेल्या सोलापुरातील कुटुंबाला हा फरक मोठाच. रुग्णालयाचा खर्च मात्र त्यात धरलेला नाही.

७/ लाभ निःसंशय आहे : वेदना शमते, चालणे परत येते, आणि बहुतेक सांधे वीस वर्षे टिकतात. धोकेही खरे आहेत : जंतुसंसर्ग, पायातील रक्ताची गुठळी, सांधा सैल होऊन करावी लागणारी दुसरी शस्त्रक्रिया. मांडी घालणे, उकिडवे बसणे बहुधा सुटते. सुमारे पाचांतील एक रुग्ण निकालावर पूर्ण समाधानी नसतो.

८/ म्हणूनच औषधे, व्यायाम आणि वजन घटवूनही वेदना हटत नसेल, तेव्हाच हा मार्ग धरला जातो. त्याआधी दात, त्वचा वा लघवीत संसर्ग आढळला तर शस्त्रक्रिया पुढे ढकलतात. ग्लुक यांच्या फसलेल्या हस्तिदंती सांध्याची शिकवण आजही अशी पाळली जाते.