जमीन मोजणी : काठीपासून ड्रोनपर्यंत

महाराष्ट्रातली जमीन मोजणी शेतसाऱ्याच्या गरजेतून उभी राहिली. कोणाकडे किती जमीन आहे आणि ती कशी पिकते हे ठाऊक असल्याशिवाय सारा बसवता येत नाही. सतराव्या शतकाच्या आरंभी निजामशाहीत मलिक अंबरने जमिनीच्या मगदुरावर सारा ठरवण्याची पद्धत घालून दिली. शिवाजी महाराजांच्या काळात अण्णाजी दत्तो यांच्या देखरेखीखाली गावोगाव मोजणी झाली. त्या मोजणीचे माप काठी हे होते. पाच हात पाच मुठी लांबीची एक काठी, वीस काठ्या लांब आणि वीस काठ्या रुंद जमिनीचा एक बिघा आणि १२० बिघ्यांचा एक चावर असे कोष्टक होते. हात आणि मूठ माणसागणिक बदलतात, म्हणून काठीची लांबी सरकारने ठरवून देणे हाच या व्यवस्थेचा कणा होता.

पेशवाईनंतर कंपनी सरकारने आपल्या पद्धतीने मोजणी सुरू केली आणि पहिल्याच प्रयत्नात अपयश पदरी घेतले. रॉबर्ट कीथ प्रिंगल या अधिकाऱ्याने १८२७-२८ पासून पुणे जिल्ह्यात मोजणी केली आणि निव्वळ उत्पन्नाच्या ५५ टक्के सारा बसवला. मोजणीत चुका होत्या, प्रतवारीत लाचलुचपत शिरली होती आणि दर शेतकऱ्यांना झेपणारे नव्हते. इंदापूर तालुक्यात जमिनी पडीक पडू लागल्या. अखेर १८३५ मध्ये हेन्री गोल्डस्मिड याने तिथे फेरतपासणी हाती घेतली आणि लेफ्टनंट जॉर्ज विंगेट त्याला येऊन मिळाला. १८३६ मध्ये इंदापुरात तीस वर्षांसाठी नवे दर लागू झाले. गोल्डस्मिड, विंगेट आणि डेव्हिडसन यांनी १८४७ मध्ये संयुक्त अहवालात ही पद्धत नियमबद्ध केली, आणि मुंबई इलाख्याची पुढची मोजणी त्या अहवालावर चालली.

आजच्या सातबाऱ्यातला सर्व्हे नंबर त्या काळातला आहे. एका बैलजोडीला कसता येईल एवढे क्षेत्र धरून नंबर पाडले गेले. कोपऱ्यांवर दगड आणि बुरूज उभारले गेले, मधली हद्द बांधाने राखली गेली. मोजणीला ३३ फुटांची साखळी असे. तिचे सोळा भाग केलेले असत आणि प्रत्येक भागाला आणा म्हणत. साखळीभर लांब आणि साखळीभर रुंद चौरसाचे १,०८९ चौरस फूट भरतात. तोच गुंठा, आणि असे ४० गुंठे म्हणजे एकर. काटकोन काढण्यासाठी शंकू हे साधन वापरत, म्हणून या पद्धतीला शंकूसाखळीची मोजणी हे नाव पडले. शेताची मापे ज्या कच्च्या आकृतीवर लिहीत ते टिपण. दीडशे वर्षांपूर्वीची टिपणे आजही भूमी अभिलेख कार्यालयांत जपलेली आहेत, आणि बांधाचा वाद उभा राहिला की भूकरमापक आधी तीच काढतो. हे काम किती नेटाने झाले होते याचा यापेक्षा चांगला दाखला नाही.

त्याच काळात देशभर दुसरी एक मोजणी चालू होती. विल्यम लॅम्बटन याने १८०२ मध्ये मद्रासजवळ आधाररेषा मोजून त्रिकोणमितीय सर्वेक्षणाला आरंभ केला. काम उत्तरेकडे नेत असताना १८२३ मध्ये वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाट येथे त्याचा मृत्यू झाला. त्याची कबर तिथेच आहे. या सर्वेक्षणाने डोंगरमाथ्यांवरच्या स्थानकांचे अक्षांश-रेखांश पक्के केले, पण गावनकाशे बहुतांशी या जाळ्याशी न जोडताच तयार झाले. प्रत्येक गावाचा नकाशा आपल्यापुरता बरोबर होता. शेजारच्या गावाच्या नकाशाशी तो तंतोतंत जुळेलच असे नव्हते. जुना नकाशा उपग्रहाच्या किंवा ड्रोनच्या चित्रावर ठेवताना आज ज्या अडचणी येतात त्यांचे मोठे कारण हे आहे.

दुसरी उणीव याहून गंभीर होती. मोजणी साऱ्यासाठी होती, त्यामुळे ज्या जमिनीला सारा नाही ती मोजली गेली नाही. गावठाणाभोवती एक रेघ ओढली गेली आणि आतली घरे, वाडे, परडी, बोळ नकाशाबाहेर राहिले. शहरांत आणि मोठ्या गावांत पुढे नगर भूमापन झाले आणि मिळकत पत्रिका तयार झाल्या. लहान गावांना ते भाग्य लाभले नाही. शेताचा सातबारा असलेल्या शेतकऱ्याकडे राहत्या घराचा मालकी दाखवणारा नकाशा नसे. ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा कर आकारणीचा असतो, मालकीचा नव्हे. घर तारण ठेवून कर्ज काढणे अवघड होते आणि भाऊबंदकीतले वाद पिढ्यान्‌पिढ्या चालत राहत.

साखळीच्या जोडीला फलकयंत्र आणि थिओडोलाइट आले, आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस अंतर व कोन एकत्र मोजणारे टोटल स्टेशन. विमानातून छायाचित्रे घेऊन नकाशे करण्याचे शास्त्र पहिल्या महायुद्धानंतर वाढले. भारतात त्याच्या प्रशिक्षणासाठी १९६६ मध्ये डेहराडूनला संस्था निघाली. पण विमानाचा खर्च आणि संरक्षण खात्याची परवानगी यांमुळे एखाद्या गावासाठी किंवा बांधकामासाठी हवाई मोजणी करणे कोणाला परवडत नव्हते.

ड्रोनने हा खर्च खाली आणला. भारतात त्याला वाट मात्र उशिरा मिळाली. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने ऑक्टोबर २०१४ मध्ये खाजगी वापरावर बंदी घातली, आणि पहिली नियमावली १ डिसेंबर २०१८ पासून लागू झाली. खरा बदल २०२१ मध्ये झाला. फेब्रुवारीत नकाशे आणि भूस्थानिक माहितीवरची जुनी बंधने सैल झाली आणि ऑगस्टमध्ये नवे ड्रोन नियम आले. त्यांनी अर्जांचे नमुने २५ वरून ५ वर आणले आणि हिरव्या, म्हणजे निर्बंध नसलेल्या हवाई क्षेत्रात ४०० फुटांपर्यंत परवानगीवाचून उड्डाणाची मुभा दिली.

ड्रोन समांतर पट्ट्यांत उडत शेकडो छायाचित्रे घेतो. प्रत्येक छायाचित्राचा मोठा भाग पुढच्या छायाचित्रातही येतो. एकच बिंदू अनेक ठिकाणांहून दिसल्यामुळे संगणकाला त्याची जागा आणि उंची काढता येते. जमिनीवर खुणा रंगवून त्यांचे स्थान उपग्रहीय यंत्राने आधी मोजलेले असते, आणि सारे चित्र त्या खुणांवर बसवले जाते. खुणा चुकल्या तर चित्र सुबक दिसूनही जागेवरून सरकलेले असते.

बांधकामाच्या क्षेत्रात याचा पहिला उपयोग मातीकामाला झाला. पूर्वी अभियंता ठरावीक अंतरावर पातळी घेऊन खोदाई आणि भराव यांचा हिशेब करी. दोन बिंदूंमधला खड्डा किंवा उंचवटा सुटून जाई. ड्रोनमुळे सबंध पृष्ठभागच हाती येतो, आणि मुरमाच्या ढिगावर न चढता त्याचे घनफळ काढता येते. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाने जून २०२१ मध्ये प्रकल्पांच्या प्रगतीचे दरमहा ड्रोन चित्रीकरण सक्तीचे केले. खाणकामाच्या नियमांतल्या त्याच वर्षीच्या दुरुस्तीनुसार वार्षिक दहा लाख टन किंवा अधिक उत्खनन असलेल्या अथवा ५० हेक्टर किंवा अधिक क्षेत्राच्या खाणपट्ट्यांची ड्रोन छायाचित्रे दरवर्षी द्यावी लागतात. दाट झाडीखाली मात्र कॅमेऱ्याला जमीन दिसत नाही; तिथे लेसर किरणांनी मोजणारे लायडार लागते.

गावठाणाची जुनी उणीव भरून काढण्याचा प्रयोग पुणे जिल्ह्याच्या पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावात झाला. राज्याचा भूमी अभिलेख विभाग आणि भारतीय सर्वेक्षण विभाग यांनी तो केला. २४ एप्रिल २०२० रोजी केंद्र सरकारने गावठाणांच्या ड्रोन मोजणीची स्वामित्व योजना जाहीर केली, तेव्हा हा अनुभव हाताशी होता. ११ ऑक्टोबर २०२० रोजी सहा राज्यांतल्या ७६३ गावांत पहिल्या मिळकत पत्रिका दिल्या गेल्या. त्यांत महाराष्ट्रातली १०० गावे होती.

या योजनेत ड्रोन उडण्याआधी घरमालक आणि शेजारी यांच्या समक्ष प्रत्येक मिळकतीची हद्द चुन्याने आखली जाते. वरून घेतलेल्या चित्रात ती पांढरी रेघ दिसते आणि तिच्यावरून १:५०० प्रमाणाचा नकाशा निघतो. ही पायरी सगळ्यांत महत्त्वाची आहे. वरून छप्पर दिसते, भिंत दिसत नाही, आणि कौलारू घराची वळचण भिंतीच्या बरीच पुढे आलेली असते. वळचणीखालची जागा कोणाची हा गावातला सर्वांत चिवट वाद, आणि त्याचे उत्तर कोणत्याही कॅमेऱ्याकडे नाही. म्हणून नकाशा तयार झाल्यावर तो जागेवर पडताळतात, हरकती मागवतात, चौकशी होते आणि त्यानंतरच सनद मिळते.

ज्या पुरंदर तालुक्याने ड्रोनचे स्वागत केले, तिथेच मे २०२५ मध्ये त्याला कडवा विरोध झाला. नियोजित विमानतळासाठी सात गावांत ड्रोन मोजणी सुरू झाली, तेव्हा शेतकरी रस्त्यावर उतरले आणि ग्रामस्थ व पोलीस यांच्यात चकमक झाली. साखळीच्या मोजणीला माणसे शेतात यावी लागत आणि त्यांना बांधावर अडवता येई. ड्रोन बांध ओलांडत नाही, वरून जातो, त्यामुळे जमीनधारकाला वाटणारी धास्ती खरी आहे आणि तिची दखल घेतलीच पाहिजे. संपादित जमिनीच्या मोबदल्यासाठी मात्र संयुक्त मोजणीच लागते. विहीर, फळझाडे, जमिनीखालून नेलेली पाइपलाइन यांची नोंद शेतावर जाऊन, धारकासमक्ष करावी लागते. मोजणी ड्रोनची असो वा टोटल स्टेशनची, ही नोंद वाचून आणि पडताळूनच धारकाने तिच्यावर सही करावी.