दाभोळाहून होर्मुझ किती दूर?

‘दूर’ आणि ‘जवळ’ हे शब्द आपण हल्लीं विमानाच्या हिशेबानें वापरूं लागलों आहों. मुंबईच्या विमानतळापासून जेद्दाचा विमानतळ सुमारें ३,५०० किलोमीटर. पांच-साडेपांच तासांचें काम. नकाशावर दोन ठिपके जोडणारी सरळ रेघ म्हणजेच अंतर, अशी आपली समजूत होऊन बसली आहे. दाभोळास विमानतळ नाहीं. परंतु ही रेघ किती फसवी आहे हें पाहावयाचें असेल, तर वाशिष्ठीच्या मुखावरील या जुन्या बंदराइतकें सोयीचें स्थळ क्वचितच सांपडेल.

पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धांत, बहमनी राज्य भरभराटींत असतां, त्वेर शहरचा अफनासी निकितिन नांवाचा एक रशियन व्यापारी दक्षिणेंत आला होता. त्यानें आपल्या टिपणांत दाभोळास फार मोठें बंदर म्हटलें असून, मिसर, अरबस्तान, खुरासान येथून तेथें घोडे येतात असें लिहिलें आहे. तेथून बेदर-गुलबर्ग्यास खुष्कीनें एक महिना लागतो, असेंही तो नमूद करतो. आतां दाभोळाहून बेदर सरळ रेषेंत अवघें साडेचारशें-पावणेपांचशें किलोमीटर, आणि होर्मुझ सुमारें २,०००! परंतु हाच गृहस्थ येतांना होर्मुझहून गलबतानें, वाटेंतलीं बंदरें घेत घेत, सहा आठवड्यांत चौलास उतरला होता. म्हणजे चौपट अंतरास फार तर दीडपट वेळ. सह्याद्रीचा घाट बैलाच्या पाठीवरून चढावा लागे. समुद्रावर वारा फुकट मिळे.

मात्र हा वारा कोणाचा बांधलेला नव्हे. आषाढ-श्रावणांत नैर्ऋत्येचा वारा बंदरें बंद करी, आणि हिंवाळ्यांत ईशान्येचा वारा गलबतें पश्चिमेकडे नेई. इ. स. १४७० नंतर लौकरच निकितिन परत निघाला. दाभोळास त्यानें होर्मुझपर्यंतचें भाडें दोन सोन्याचीं नाणीं ठरविलें व तो गलबतावर चढला. महिनाभर जमीन दृष्टीस पडली नाहीं. आणि पडली ती हबसाणच्या डोंगरांची! भाडें होर्मुझचें, दर्शन आफ्रिकेचें. तेथें पांच दिवस काढून, तांदूळ, मिरीं व भाकरी देऊन तेथील लोकांपासून सुटका करून घ्यावी लागली. पुढें मस्कतास बारा दिवस, आणि तेथून होर्मुझास नऊ. घरीं मात्र तो पोंचलाच नाहीं. स्मोलेन्स्कच्या अलीकडेच वारला.

पुढच्या शतकांत वाऱ्याच्या जोडीला तोफ आली. १५०८ च्या डिसेंबरअखेरीस पोर्तुगीज व्हाइसरॉय आल्मेदा यानें दाभोळ जाळून बेचिराख केलें. त्यानंतर पोर्तुगीजांचा परवाना जवळ नसेल, तर मक्केच्या वाटेवरील गलबतही सुरक्षित नसे. माझ्या मतें दाभोळचें जग आखडलें तें येथून. खाडीच्या गाळाला नुसता दोष देणें बरोबर नव्हे.

दाभोळच्या धक्क्याजवळ विजापुरी धाटणीची, एका मोठ्या घुमटाची मशीद आहे. ती १६५९-६० च्या सुमाराची मानतात. परंपरा अशी कीं, विजापूरच्या राजघराण्यांतील आयेशाबीबी हजला जाण्यासाठीं लवाजम्यासह येथपर्यंत आली. परंतु समुद्रावर चांच्यांचें भय असल्यामुळें तिला गलबतावर चढतां आलें नाहीं, आणि यात्रेसाठीं आणलेलें द्रव्य तिनें या बांधकामास लावलें. मशिदीच्या पायरीपासून जेद्दापर्यंतची सरळ रेघ आज मोजली तर ३,६०० किलोमीटरांच्या आंतच भरते. विजापूर ते दाभोळ ही सारी खुष्कीची वाट, घाटासकट, ती उतरून आली होती.