लायसन गेलं म्हणजे नेमकं काय गेलं?

आमच्या कडावला "लायसन गेलं" या दोन शब्दांत चार वेगवेगळ्या गोष्टी बसतात. लोकलच्या गर्दीत पाकीट मारलं गेलं तरी लायसन गेलं. चौकात पोलिसाने काढून घेतलं तरी लायसन गेलं. तीन महिन्यांसाठी सस्पेंड झालं तरी गेलं, आणि कायमचं रद्द झालं तरी गेलंच! सरकारी कागदात याच वस्तूचं नाव 'अनुज्ञप्ती'. हा शब्द मी गावात आजवर कुणाच्या तोंडून ऐकलेला नाही. आणि ज्या वस्तूचं नावच आपल्या तोंडात बसत नाही, तिच्याबद्दलचे आपले हक्क तरी आपल्याला कुठून ठाऊक असणार?

गेले काही महिने या विषयाने डोक्यात घर केलंय, म्हणून थोडा इतिहास चाळला. तो वाटला त्यापेक्षा गमतीदार निघाला.

आपली साधारण समजूत अशी की आधी परीक्षा आली, मग लायसन्स आलं आणि लोक चुका करायला लागल्यावर ते काढून घेण्याची पद्धत आली. इंग्लंडमध्ये नेमकं उलटं झालं. तिथे १९०३ च्या मोटार कायद्याने लायसन्स सक्तीचं केलं. पाच शिलिंग भरा आणि घेऊन जा. गाडी चालवता येते का, हे कुणी विचारायचं नाही. पण त्याच कायद्याने कोर्टाला लायसन्स निलंबित करण्याचा आणि त्यावर शेरा मारण्याचा अधिकार दिला होता. सक्तीची परीक्षा आली १९३५ साली. म्हणजे तीस-बत्तीस वर्षं इंग्रजांकडे लायसन्स काढून घेण्याची सोय होती, पण ते देताना पारखून देण्याची नव्हती. फ्रान्समध्ये १८९९ च्या हुकुमातच वर्षात दोनदा नियम मोडणाऱ्याचा दाखला काढून घेता येईल असं लिहिलेलं होतं. तेव्हा रस्त्यावर मोटारी अशा किती असतील?

असं का झालं असावं? मला त्यात एक साधा हिशेब दिसतो. सुरुवातीला मोटार ही श्रीमंतांची चैन होती. मोटार पाळणाऱ्या माणसाला पाच-दहा पौंड दंड म्हणजे किरकोळ खर्च. तो दंड भरेल आणि संध्याकाळी पुन्हा तसाच धुरळा उडवत जाईल. त्याला खरं टोचेल ते गाडी चालवायची बंदी. दंड खिशाला बसतो आणि खिसे सगळ्यांचे सारखे नसतात. बंदीचे तीन महिने मात्र राजाला आणि रंकाला तेवढेच. शिक्षा सर्वांना सारखी लागावी, हा त्यामागचा विचार असावा.

हा विचार आपल्याकडे आला तो कायद्याच्या बोटीतून. अख्ख्या ब्रिटिश हिंदुस्थानासाठी पहिला मोटार कायदा १९१४ साली झाला. मग १९३९ चा आला, तो स्वातंत्र्यानंतरही चार दशकं पुरला. सध्याचा मोटार वाहन कायदा १९८८ चा, अमलात आला १ जुलै १९८९ पासून. पण इथे एक मेख आहे. आपल्याकडे गाडीचा मालक आणि गाडी चालवणारा हे बहुतेक वेळा दोन वेगळे लोक. साहेबाची गाडी आणि ड्रायव्हरचं लायसन्स. त्यामुळे मालकाला टोचावी म्हणून जन्मलेली शिक्षा आपल्याकडे पगारी माणसाच्या पोटावर येऊन बसली.

आमच्या भागात तर फारच. कर्जतला रेल्वे आली १८५६ साली, पण स्टेशनच्या आतल्या बाजूला कडाव, कशेळे, पुढे खांडस, मुरबाडकडे जायचं तर सगळी भिस्त रस्त्यावर. भाताचं एक पीक, वाटण्या होऊन होऊन उरलेली गुंठ्यांतली जमीन. मग पोरगा दहावी-बारावीनंतर काय करतो? ड्रायव्हिंग शिकतो. कुणी सहा आसनी रिक्षावर, कुणी भाजीच्या टेम्पोवर, कुणी शाळेच्या गाडीवर, कुणी खोपोली-खालापूरकडच्या कारखान्यांच्या बसवर, तर कुणी फार्महाऊसवर येणाऱ्या मुंबईकरांना स्टेशनवरून ने-आण करायला. बोरघाटात शिंग्रोबाच्या देवळासमोर नाणं टाकून पुढे जाणारे हे लोक. लायसन्ससाठी आधी पेणच्या आणि पुढे पनवेलच्या फेऱ्या मारून, त्यावर बॅजसाठी खटपट करून मिळवलेला हा कागद. आमच्याकडे काही घरांत सातबाऱ्याइतकाच जपून ठेवतात तो.

आता माझ्या एका आतेभावाची गोष्ट सांगतो. नाव लिहीत नाही, घरच्यांना कळेलच. २०१७ चा मे महिना. लग्नसराई. त्याने टेम्पोत वऱ्हाड भरलं. पंचवीसेक माणसं, मागे उभी. रात्रीची वेळ, एसटी नाही, आणि वऱ्हाड काही रस्त्यात ठेवता येत नाही. वाटेत तपासणी लागली आणि लायसन्स गेलं.

त्याला वाटलं शे-पाचशेत मिटेल. पण २०१५ सालीच चित्र बदललं होतं. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या रस्ता सुरक्षा समितीने ऑगस्ट २०१५ मध्ये सगळ्या राज्यांना सांगितलं होतं की सहा गुन्ह्यांत लायसन्स किमान तीन महिने निलंबित करायचंच. अतिवेग, लाल सिग्नल तोडणं, दारू पिऊन चालवणं, चालवताना मोबाईलवर बोलणं, मालगाडीत जादा माल भरणं, आणि सहावा गुन्हा मालगाडीत माणसं बसवणं.

नियम चूक आहे असं मी म्हणणार नाही. टेम्पोच्या हौद्यात धरायला काही नसतं. वळणावर कलंडला की माणसं पोत्यांसारखी फेकली जातात. आपल्याकडे वऱ्हाडाच्या टेम्पोंचे अपघात काय कमी झालेत? तेव्हा शिक्षा योग्यच. पण ती कशी लागली ते पाहा. टेम्पो कर्जाचा. हप्ता तीन महिने थांबत नाही. बदली ड्रायव्हर ठेवला तर त्याची रोजंदारी जाऊन हातात उरत नाही. वहिनी त्या पावसाळ्यात दुसऱ्याच्या आवणीला गेल्या. त्याच मे महिन्यात फार्महाऊसवरून पिऊन निघालेल्या एखाद्या मुंबईकराचं लायसन्स तीन महिने गेलं असेल, तर तो ट्रेनने ऑफिसला गेला असेल. झालं. म्हणजे तीन महिने काही सगळ्यांना सारखे नसतात. राजाचे तीन महिने आणि रंकाचे तीन महिने, यातही फरक आहेच!

मग अशा वेळी गावात सल्ला काय मिळतो? "रात्रीची चालव रे, कोण बघतंय?" हा सल्ला सगळ्यात घातक, आणि तो का घातक हे कळावं म्हणूनच खरं तर आज लिहायला बसलो.

निलंबनाच्या काळात गाडी चालवणं हा कलम १८२ खालचा स्वतंत्र गुन्हा आहे. तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही. दंडाची मर्यादा तेव्हा पाचशे रुपये होती, २०१९ च्या दुरुस्तीने ती दहा हजार झाली. पण खरा खड्डा विम्यात आहे. अशा ड्रायव्हरच्या हातून अपघात झाला तर विमा कंपनीला हात वर करायला कायद्यात जागा आहे. जानेवारी २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वर्ण सिंग खटल्यात यावर मोठा निकाल दिला. सारांश असा, की ड्रायव्हरकडे वैध लायसन्स नव्हतं एवढ्यावर कंपनी सुटत नाही. मालकानेच हयगय केली हे तिला सिद्ध करावं लागतं. आणि ते सिद्ध झालं तरी जखमीला किंवा मेलेल्याच्या घरच्यांना आधी भरपाई द्यायला लावून ती रक्कम मालकाकडून वसूल करण्याची मुभा कंपनीला देता येते. अपघातग्रस्ताच्या दृष्टीने फार चांगला निकाल. पण आमच्या गावात मालक आणि ड्रायव्हर एकच असतो ना! आपलं लायसन्स निलंबित आहे हे माहीत असून तो स्टिअरिंगवर बसला, तर वसुली त्याच्याच घरावर, जमिनीवर. तीन महिन्यांची कमाई वाचवायला जाऊन आयुष्यभराचं कर्ज. आतेभावाला हे वेळेवर कुणीतरी समजावलं आणि त्याने ऐकलं, हे नशीब.

२०१९ च्या दुरुस्तीनंतर सगळंच कडक झालंय. वेग, धोकादायक चालवणं, दारू, शर्यत, बाईकवर तिघं, हेल्मेट नसणं, अँब्युलन्सला वाट न देणं अशा गुन्ह्यांत पोलिसांनी लायसन्स ताब्यात घेऊन लायसन्स देणाऱ्या अधिकाऱ्याकडे पाठवायचं. पहिल्यांदा तीन महिने. दुसऱ्यांदा सरळ रद्द, आणि रद्द झालेल्याचं नाव जाहीर करण्याचीही मुभा. पुन्हा स्टिअरिंगवर बसायचं तर आधी उजळणीचं प्रशिक्षण. आपल्या राज्यात वाढीव दंड डिसेंबर २०२१ पासून लागू झाले. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकावर खटला, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द आणि त्या मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला दोन तरुण अभियंते पोर्शेखाली गेले, तेव्हा गाडीवरच्या मुलाबाबत याच तरतुदीची चर्चा घरोघरी झाली होती. गावाकडे चौदा वर्षांच्या पोराच्या हातात बाईक देऊन "आमचा बाळ्या कसा चालवतो बघा" म्हणणाऱ्या काकालोकांनी हे जरूर वाचावं.

आता दुसरी बाजू. १९७१ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयासमोर बेल नावाच्या एका धर्मोपदेशकाचा खटला आला होता. जॉर्जिया राज्यातल्या तीन खेडेगावांत हा माणूस स्वतःच्या गाडीने फिरून काम करायचा. एक पाच वर्षांची मुलगी सायकलवरून येऊन त्याच्या गाडीच्या कुशीला धडकली. गाडीचा विमा नव्हता, म्हणून राज्याने चूक कुणाची हे न पाहताच लायसन्स निलंबित करायचं ठरवलं. न्यायालय म्हणालं, असं चालणार नाही. एकदा दिलेलं लायसन्स माणसाच्या पोटापाण्याचा आधार बनलेलं असतं, ते काढून घेण्याआधी त्याचं म्हणणं ऐका. तीन खेड्यांतून फिरणारा तो पाद्री आणि कडाव-कशेळे करणारा आमचा रिक्षावाला, दोघांचा प्रश्न एकच की.

आणि गंमत म्हणजे आपल्या कायद्यात हे आधीपासून लिहिलेलं आहे. कलम १९ म्हणतं की लायसन्स निलंबित किंवा रद्द करण्यापूर्वी त्या माणसाला म्हणणं मांडायची संधी द्या, आणि निर्णयाची कारणं लेखी नोंदवा. निर्णय पटला नाही तर तीस दिवसांत अपील करता येतं. बंदी सगळ्याच प्रकारच्या वाहनांवर घालावी असंही नाही, एखाद्याच प्रकारापुरती घालता येते. २०२२ साली कलकत्ता उच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की पोलीस लायसन्स ताब्यात घेऊ शकतात, पण ते निलंबित करण्याचा अधिकार लायसन्स देणाऱ्या अधिकाऱ्याचाच.

पण हे सगळं वापरणार कोण? आतेभावाला नोटीस आली होती. 'अनुज्ञप्ती निलंबित का करण्यात येऊ नये' वगैरे. त्याला वाटलं, निलंबित झालीच. एजंटने जिथे बोट ठेवलं तिथे सही केली आणि मोकळा झाला. ती नोटीस म्हणजे बोलायचं आमंत्रण होतं, हे घरात कुणालाच कळलं नाही. गेला असता तर कदाचित शिक्षा तेवढीच झाली असती. पण रात्रीची वेळ, एसटी नसणं, आधीचा एकही गुन्हा नसणं हे कुठेतरी कागदावर तरी आलं असतं. शिक्षा देणाऱ्याने माणूस पाहिला असता.

कायद्यात आणखी एक गोष्ट आहे जी मला फार आवडली. कोर्टाने लायसन्सवर मारलेला शेरा जन्मभर चिकटून राहत नाही. सलग तीन वर्षं नवा शेरा पडला नाही तर कोरं लायसन्स मागता येतं. नुसत्या वेगमर्यादेचा गुन्हा असेल तर एका वर्षात. म्हणजे कायदा रागावतो, लक्षात ठेवतो आणि नीट वागलात तर विसरतोही. आपल्या वाडीतले लोक एवढं विसरत नाहीत!

मला वाटतं, लायसन्स म्हणजे समोरून येणाऱ्या अनोळखी माणसाने आपल्यावर टाकलेला विश्वास. रस्त्याने चालत शाळेत जाणारी मुलगी आपल्या स्टिअरिंगवर भरवसा ठेवून चालत असते. तो भरवसा मोडला तर लायसन्स काढून घ्यायलाच हवं, पोट हातावर असलं तरी. मात्र ते काढून घेताना ऐकून घ्यायला हवं, आणि आपणही जाऊन बोलायला हवं. तेव्हा नातेवाईक मंडळींनो, घरात कुणाला 'अनुज्ञप्ती' हा शब्द असलेला कागद आला तर एजंटकडे धावण्याआधी एकदा पूर्ण वाचा. तारीख बघा. त्या दिवशी जा. वाचून कळला नाही तर मला फोन करा, आपण मिळून वाचू.

असो. फारच लांबलं. आता थांबतो.