जुनी मोटारसायकल घेताय? आधी क्लचचा आवाज ऐका

बेळगाव : सीमाभागात जुन्या मोटारसायकली राज्याची हद्द सहज ओलांडतात. बेळगावचा माणूस कोल्हापूर पासिंगची गाडी घेतो, चंदगडचा गोवा पासिंगची. रंग, टायर, कागदपत्रं सगळे बघतात. क्लचचा आवाज मात्र ‘जुनी गाडी आहे, चालायचंच’ म्हणून सोडून देतात. एकाच खडखडीमागे कधी आयडलिंग कमी असणं एवढंच कारण असतं, तर कधी गिअरबॉक्सचं बेअरिंग. पहिलं काम स्क्रू फिरवून होतं, दुसऱ्यासाठी इंजिन उतरवावं लागतं. हा फरक व्यवहाराआधी कळायला हवा.

इंजिन गार असतानाच बघा

आपण पोहोचण्याआधीच गाडी चालू करून ठेवली असेल तर काही आवाज दबतात. म्हणून आधी इंजिनजवळ हात नेऊन बघा. गरम लागलं तर थांबा, गार होऊ द्या. ऑइलची पातळी आणि आयडलिंगही तपासा. आयडलिंग फार कमी असेल तर चांगली गाडीसुद्धा खडखडते. ते थोडं वाढवल्यावर आवाज गेला, तर काळजीचं कारण नाही.

लिव्हर दाबून ओळखा

गाडी न्यूट्रलमध्ये चालू ठेवा आणि क्लच लिव्हर सावकाश दाबा, सोडा.

• दाबल्यावर आवाज थांबला : क्लच हाऊसिंग ढिलं झालेलं असू शकतं किंवा गिअरबॉक्सच्या शाफ्टचं बेअरिंग गेलेलं असू शकतं. बारीक खडखड हाऊसिंगची, घरघर बहुधा बेअरिंगची.
• दाबल्यावरच आवाज सुरू झाला : क्लच रिलीज बेअरिंग किंवा पुशरॉडकडे बघा.
• काहीच फरक पडला नाही : दोष बहुधा क्लचचा नाही. टॅपेट, टायमिंग चेन तपासायला सांगा. इथं क्लच प्लेट बदलून पैसे वाया जातात.

थरथर कुठली?

पहिल्या गिअरमध्ये लिव्हर हळू सोडताना गाडी झटके देत निघाली, तर प्लेट वाकलेल्या असतात किंवा हाऊसिंगच्या खाचा झिजलेल्या असतात. पण सैल चेन आणि मागच्या चाकातले झिजलेले रबरही असेच झटके देतात, म्हणून चेन आधी बघा.

मोकळ्या रस्त्यावर साधारण ४० च्या वेगात ॲक्सिलरेटर सोडून क्लच दाबा. थरथर तशीच राहिली तर चाक, टायर किंवा चेनचा दोष. थांबली तर इंजिन, त्याचं माउंटिंग किंवा क्लच.

याच फेरीत वरच्या गिअरमध्ये एकदम ॲक्सिलरेटर द्या. इंजिनचा आवाज चढला आणि वेग मात्र वाढला नाही, तर क्लच घसरतोय. उलट, लिव्हर पूर्ण दाबूनही गाडी पुढं सरकत असेल, न्यूट्रल सापडत नसेल, तर क्लच पूर्ण सुटत नाही.

आधी स्वस्त कारणं

लिव्हरच्या टोकाला साधारण १० ते २० मिलिमीटर ढिलाई हवी. नेमका आकडा त्या गाडीच्या पुस्तिकेत असतो. ढिलाई नसेल तर क्लच घसरतो, जास्त असेल तर नीट सुटत नाही. दोन्ही दोष केबल जुळवून जाऊ शकतात.

मग ऑइल. बहुतेक मोटारसायकलींचा क्लच इंजिन ऑइलमध्येच बुडालेला असतो. कारचं ऑइल घातलं तर त्यातल्या घर्षण कमी करणाऱ्या द्रव्यांमुळे क्लच घसरू शकतो. डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए२’ असल्याची खात्री करा.

भाव कधी पाडायचा, कधी परतायचं?

केबल, ऑइल, प्लेट, स्प्रिंग हा झिजेचा माल आहे. बहुतेक लहान गाड्यांत उजव्या बाजूचं कव्हर काढून प्लेट बदलता येतात. तेवढा खर्च किमतीतून वजा करून मागा. हाऊसिंग गेलं असेल तर आधी पार्टचा भाव विचारा, मगच बोला. गिअरबॉक्सच्या बेअरिंगसाठी मात्र इंजिनचे दोन भाग वेगळे करावे लागतात. अशी गाडी स्वस्त मिळाली तरी महाग पडते.

दुसऱ्या राज्यातली गाडी असेल तर फॉर्म २८ वरची एनओसी, नव्या राज्याचा रोड टॅक्स आणि नवी नोंदणी हे सगळं पुढं आहेच. एकदा त्यात पैसे गुंतले की गाडी परत करणं अवघड. म्हणून ॲडव्हान्स देण्याआधी ओळखीचा मेकॅनिक सोबत न्या आणि लिव्हर त्याच्यासमोर दाबून दाखवा.