शुभंकर म्हणजे कोण? स्किझोफ्रेनियाच्या रुग्णाला सांभाळणाऱ्यांनाही आधार का हवा?

‘लग्न करून द्या, सुधारेल.’ स्किझोफ्रेनियाचा रुग्ण असलेल्या घराला हा सल्ला हमखास ऐकावा लागतो. पण आज रात्री सोबतीला कोण थांबणार, हे सहसा कोणी विचारत नाही.

महाराष्ट्रातल्या स्वमदत गटांमध्ये रुग्णाला ‘शुभार्थी’ आणि सांभाळणाऱ्याला ‘शुभंकर’ म्हणतात.

शुभंकर का थकतात?

हा आजार बहुतेकदा ऐन तारुण्यात सुरू होतो. कानात आवाज येणं, संशय, कोणाशी न बोलणं अशी लक्षणं दिसतात. उपचार अनेक वर्षं चालतात, त्यामुळे जबाबदारी मुख्यतः आईवडिलांवर येते. त्यांचंही वय वाढत असतं. ‘आमच्यानंतर याचं कोण?’ ही त्यांची सर्वांत मोठी काळजी.

घरातल्या वातावरणाचा काय संबंध?

१९५० आणि ६०च्या दशकांत लंडनमध्ये जॉर्ज ब्राऊन आणि सहकाऱ्यांनी याचा अभ्यास केला. सतत टीका, राग किंवा अतिकाळजी असलेल्या घरांत आजार उलटण्याचं प्रमाण जास्त दिसलं. याचा अर्थ घरच्यांमुळे आजार होतो, असा नाही. पण थकलेला माणूस लवकर चिडतो. म्हणून शुभंकराला आधार देणं हा उपचाराचाच भाग आहे. कुटुंबाला आजाराची नीट माहिती आणि प्रशिक्षण मिळालं, तर आजार उलटण्याचं प्रमाण कमी होतं.

मदत कुठे मिळते?

पुण्यातली स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन आणि ठाण्यातली आयपीएच या संस्था रुग्णांसोबत कुटुंबीयांसाठीही काम करतात. ‘टेली मानस’च्या १४४१६ या मोफत क्रमांकावर चोवीस तास बोलता येतं. तिथे कुटुंबीयही फोन करू शकतात.

कायदा काय सांगतो?

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार सज्ञान रुग्ण साध्या कागदावर सही किंवा अंगठा देऊन आपला प्रतिनिधी नेमू शकतो. उपचारांच्या निर्णयात ही व्यक्ती त्याला मदत करते. रुग्णाची इच्छा असेल, तर भाऊ, बहीण किंवा विश्वासातल्या कोणाचं नाव आधीच ठरवता येतं. ‘आमच्यानंतर कोण?’ या प्रश्नाची तयारी इथून सुरू करता येईल.

नातेवाईक काय करू शकतात?

आठवड्यातून एक दुपार रुग्णासोबत थांबा. औषधं आणून द्या. दवाखान्यात सोबत जा. आणि सल्ला देण्याआधी शुभंकराला विचारा, ‘तुम्ही नीट झोपलात का?’